कान वाजतो त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या सोलापूरसाठी

तुमच्या कानात सतत काही वाजत असेल, शिट्टी, रातकिड्यांची किरकिर, भोंगा किंवा वाफ सुटल्यासारखा सूं सूं आवाज, आणि तो शेजारी बसलेल्याला ऐकू येत नसेल, तर हे आवाहन तुमच्यासाठी आहे. तुमच्या घरात असं कोणी असेल तर तुमच्यासाठीही आहे. आणि सोलापुरात एखादी संस्था, मंडळ, रुग्णालय, वाचनालय किंवा यंत्रमागाचा कारखाना तुमच्या हाती असेल, तर ते विशेषकरून तुमच्यासाठी आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कान वाजणं म्हणजे वेड लागणं नव्हे. भूतबाधा नाही, करणी नाही, मनाचे खेळही नाहीत. वैद्यकीय भाषेत त्याला टिनिटस म्हणतात, आयुर्वेदाने त्याला फार पूर्वीपासून कर्णनाद म्हटलं आहे. २०२२ साली जगभरातल्या अभ्यासांची एकत्र मांडणी करून संशोधकांनी अंदाज दिला, की प्रौढांपैकी साधारण १४ टक्के लोकांना हा अनुभव येतो. म्हणजे ७४ कोटींहून अधिक माणसं. त्यातल्या १२ कोटींहून अधिक लोकांना त्याचा गंभीर त्रास होतो. इतक्या माणसांना जे होतं, ते लपवायचं कशाला?

हा आवाज येतो कुठून? आपल्या आतल्या कानात, शंखाकृती भागात, केसांसारखे टोक असलेल्या हजारो सूक्ष्म पेशी असतात. बाहेरचा ध्वनी त्या विजेच्या संदेशात बदलतात आणि मेंदूकडे पाठवतात. मोठ्या आवाजाने, वयाने, काही औषधांनी किंवा आजाराने या पेशी मेल्या, की माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. मेंदूला त्या पेशींकडून येणारे संदेश कमी मिळू लागतात. मग रेडिओवर स्टेशन नीट लागत नसताना आपण आवाज वाढवावा आणि खरखरच मोठी व्हावी, तसं मेंदूचं होतं. अनेकांच्या बाबतीत कान वाजण्यामागचं कारण असं समजावलं जातं. म्हणून कान वाजणाऱ्या पुष्कळांना ऐकूही थोडं कमी येत असतं, पण त्यांचं लक्ष तिकडे गेलेलं नसतं.

१९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी ८० निरोगी माणसांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं. त्यांची श्रवणशक्ती चांगली होती आणि कान वाजण्याची तक्रार नव्हती. तरीही काही मिनिटांतच ९४ टक्के लोकांनी कानात काही ना काही ऐकू येत असल्याचं सांगितलं. म्हणजे पूर्ण शांततेत पुष्कळांच्या डोक्यात काहीतरी वाजतं. फरक इतकाच, की बहुतेकांचा मेंदू ते बिनमहत्त्वाचं म्हणून सोडून देतो आणि काहींचा मेंदू धोक्याची सूचना समजून त्यालाच चिकटून बसतो. भीती वाढली की लक्ष वाढतं. लक्ष वाढलं की आवाज मोठा वाटतो. झोप उडते, चिडचिड होते, आणि दुसऱ्या रात्री भीती आणखी वाढलेली असते. बहुतेक उपचार हे चक्र कुठेतरी तोडण्याचेच आहेत.

आता काय करायचं ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम, कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, त्यासाठी बाह्यरुग्ण विभाग आहे. १९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाचं हे रुग्णालय. सहकारी आणि खाजगी रुग्णालयांतही तज्ज्ञ आहेत. कधी कारण अगदी साधं निघतं: कानात मळ घट्ट झालेला असतो, मधल्या कानात पू किंवा पाणी असतं. ते बरं केलं की आवाजही जाऊ शकतो. डॉक्टर ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करायला सांगतील. ती टाळू नका. सुई नाही, दुखणं नाही, कानाला हेडफोन लावून बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच.

काही लक्षणं असतील तर मात्र थांबायचंच नाही. एका कानाचं ऐकू येणं अचानक, एक-दोन दिवसांत, कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा वेळी उपचार पहिल्या काही दिवसांत मिळाले तर कान वाचण्याची शक्यता जास्त असते. ‘पाहू आठवडाभर’ म्हणण्यात ती संधी जाते. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धकधक असा येत असेल, सोबत गरगरत असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा डोक्याला मार लागल्यानंतर आवाज सुरू झाला असेल, तरीही लवकर तपासणी हवी.

डॉक्टरांना तुम्ही घेत असलेल्या सगळ्या औषधांची नावं सांगा. जेंटामायसिन आणि अमिकासिनसारखी इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, जास्त मात्रेतलं ॲस्पिरिन आणि क्विनीन यांचा कानावर परिणाम होऊ शकतो. पण मनानेच कुठलंही औषध बंद करू नका. क्षयाचं किंवा कर्करोगाचं औषध अर्ध्यावर सोडणं कान वाजण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं.

दुसरं, काय करायचं नाही. कानात गरम तेल, लसणाचं तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. पडद्याला भोक असेल तर तेच आत जाऊन नुकसान करतं. काडी, केसांची पिन, इअरबड घालू नका. रस्त्यावर कान साफ करून घेऊ नका. आणि ‘पंधरा दिवसांत आवाज कायमचा बंद’ अशी जाहिरात करणाऱ्यांना पैसे देऊ नका. कायम राहिलेला कर्णनाद हमखास बंद करणारी गोळी आजतरी जगात नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत जिन्कगो, झिंक, मेलॅटोनिन यांसारख्या गोष्टी कर्णनादासाठी देऊ नयेत असंच म्हटलं आहे. याच सूचनांत ज्यांची शिफारस केली आहे, त्या गोष्टी आहेत रुग्णाला नीट समजावून सांगणं, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र, आणि विचार-वर्तन उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी.

तिसरं, ‘यावर काही उपाय नाही, सवय करून घ्या’ हे वाक्य कोणी सांगितलं तर त्यावर थांबू नका. त्यातला ‘सवय’ हा शब्द खरा आहे, पण सवय प्रत्येकाला आपोआप लागतेच असं नाही, अनेकदा ती लावून घ्यावी लागते आणि त्यासाठी मदत मिळते. श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत येतात आणि आतला आवाज पुष्कळांना मागे पडल्यासारखा वाटतो. सीबीटीमुळे आवाज बंद होत नाही, पण त्याचा जाच कमी होतो, याला चांगला आधार आहे. झोपताना खोली एकदम चिडीचूप ठेवू नका. पंखा, घड्याळाची टिकटिक, हळू लावलेलं आकाशवाणी सोलापूर, पावसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग, यातलं काहीही चालेल. आवाज कानातल्या आवाजापेक्षा थोडा हळूच ठेवा. आपल्याकडे उन्हाळाभर कूलर-पंखे चालू असतात आणि थंडी पडली की बंद होतात. त्या दिवसांत कान जास्त वाजतोय असं वाटलं, तर आजार वाढला म्हणून घाबरू नका. बाहेरची साथ गेली म्हणून आतला आवाज उठून दिसतोय.

आणि मन फारच खचलं, जगणं नको वाटू लागलं, तर १४४१६ हा क्रमांक फिरवा. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. कान वाजतो एवढ्यासाठी फोन कसा करू, असं वाटून घेऊ नका. महिनोन्‌महिने झोप न झालेल्या माणसाला मदत मागण्याचा पूर्ण हक्क आहे.

इथवर सांगितलं ते एकेका माणसासाठी. पण मला जे खरं मागायचं आहे ते सगळ्या शहराकडे मागायचं आहे. कान वाजणाऱ्या माणसांना डॉक्टर दहा मिनिटं देऊ शकतात. उरलेला दिवस आणि सगळी रात्र ते एकटे असतात. ती जागा एखादी संस्था भरून काढू शकते, आणि जगात तसं झालेलं आहे.

अमेरिकेत १९७१ साली टिनिटस असोसिएशन उभी राहिली. ब्रिटनमध्ये जॅक ॲश्ली नावाचे खासदार १९६७च्या अखेरीस कानाच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण बहिरे झाले. तरी ते संसदेत राहिले आणि कानाच्या रुग्णांसाठी लढत राहिले. तिथली ब्रिटिश टिनिटस असोसिएशन १९७९ साली सुरू झाली, त्यात त्यांचा पुढाकार होता. अशा संस्थांनी काय केलं? दूरध्वनीवर ऐकून घेणारी माणसं बसवली. तज्ज्ञांकडून तपासून घेतलेली साध्या भाषेतली पत्रकं काढली. गावोगावी आधारगट सुरू करणाऱ्यांना हात दिला. डॉक्टरांना आणि ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे श्रवणतज्ज्ञांना, रुग्णांची बाजू सांगितली. संशोधनाला पैसा मिळवून दिला. आणि दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टिनिटस सप्ताह पाळायची प्रथा पाडली. यातल्या बहुतेक कामांना मोठी यंत्रसामग्री लागत नाही. वेळ, विश्वास आणि चिकाटी लागते.

आपल्या महाराष्ट्राला हे काम परकं नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसनी माणसाबरोबर त्याच्या बायकोलाही आधार हवा, हे ओळखून तिथे ‘सहचरी’ गट चालू झाला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० पासून इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ मन:स्वास्थ्याचं काम करते आहे. पुण्यातच पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. पूर्ण बरा न होणारा आजार घेऊन माणसं तिथे एकत्र येतात, व्याख्यानं ऐकतात, एकमेकांना धीर देतात, आनंदानेही जगतात. व्यसनाला, पार्किन्सन्सला असे गट होऊ शकतात, तर कर्णनादाला का नाही?

आणि तो सोलापुरात का हवा, तेही सांगतो. आपली चादर आणि टॉवेल जगभर जातात. दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. १८७७ सालच्या जुन्या गिरणीपासून पूर्वभागातल्या यंत्रमागांपर्यंत या शहराच्या पोटापाण्याला मागाच्या खडखडाटाची साथ आहे. धोट्याच्या मागाच्या शेडमध्ये आवाज ९० ते १०० डेसिबलच्या घरात जातो. कारखान्यांसाठीच्या नियमांत ८ तासांना ९० डेसिबल, ४ तासांना ९५ आणि २ तासांना १०० अशी मर्यादा आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या मते तर ८ तासांना ८५ हीच मर्यादा हवी आणि १०० डेसिबलला पाव तास पुरे. इथे पाळी कित्येकदा १२ तासांची असते. आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. पण छोट्या शेडमधल्या, घराला लागूनच्या मागावरच्या कामगारापर्यंत हा कायदा फारसा पोहोचत नाही. कान वाजतो हे तो मागाचा भाग धरून चालतो. पाळी संपल्यावर कानात शिट्टी वाजते, सकाळपर्यंत जाते, काही वर्षांनी जायची थांबते. पाळीनंतरची ती शिट्टी म्हणजे कानाचा पहिला इशारा. तो ऐकून सावध झालो, तर पुढचं पुष्कळ नुकसान टळू शकतं.

मिरवणुकांतल्या डीजेचंही तेच. आठ-दहा तास भिंतीएवढ्या स्पीकरसमोर नाचणाऱ्यांचा, ढोलपथकात वाजवणाऱ्यांचा, ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा आणि बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाचाही कान तिथेच असतो. सोलापुरात याविरुद्ध नागरिक बोलू लागले आहेत, ते योग्यच आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातल्या ठरावीक दिवसांची सवलत तेवढी सोडून. उत्सव आपलाच आहे, त्यात नाचणारी पोरंही आपलीच आहेत. म्हणून त्यांचे कान राखणं हे मंडळाचं काम आहे.

तर सोलापुरात एक आधारगट सुरू व्हावा, असं माझं आवाहन आहे. नवी इमारत नको, देणग्यांचा डोंगर नको. महिन्यातून एक रविवार, दीड तास, एक खोली. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं वाचनालय, पूर्वभागातलं एखादं मंगल कार्यालय, मार्कंडेय किंवा अश्विनी यांसारख्या सहकारी रुग्णालयाचं सभागृह, कुणीही आपली जागा देऊ शकेल. रोटरी, लायन्स, कामगार संघटना, ज्येष्ठ नागरिक संघ यांपैकी कोणीही यजमान होऊ शकेल.

कसा चालवावा, तेही सुचवतो. आलेल्यांपैकी अनेकांना कमी ऐकू येत असणार. म्हणून घुमणारी मोठी खोली नको. गोल बसावं, एका वेळी एकानेच, समोर तोंड करून बोलावं, आणि मुख्य मुद्दे फळ्यावर लिहावेत. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं आहेत. मागावर तीस वर्षं काढलेल्या माणसाला आपल्या भाषेत ‘रात्री काय होतं’ ते सांगता आलं पाहिजे. दर सभेला ‘आवाज किती आहे?’ विचारत बसू नये, त्याने लक्ष पुन्हा तिथेच जातं. ‘या महिन्यात काय जमलं?’ असं विचारावं. कुणाला पाच तास झोप लागली, कुणी नातीच्या बारशाला जाऊन आलं, कुणी श्रवणयंत्र कपाटातून काढून कानाला लावलं. नव्या माणसाला अशा गोष्टींनी जेवढा धीर मिळतो, तेवढा पत्रकाने मिळत नाही.

चार नियम कडक असावेत. गटात कोणी औषध, तेल, यंत्र किंवा गंडा विकणार नाही. कोणी कुणाचं औषध बदलणार नाही. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. आणि कोणी कायमचं बरं करण्याचा दावा करणार नाही. वर्षातून तीन-चार वेळा कान-नाक-घसा तज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ यांना बोलवावं. सोबत एक मोबाइल असावा, ठरावीक दिवशी संध्याकाळी दोन तास चालू. उचलणाऱ्याने उपदेश न करता ऐकावं, धोक्याची लक्षणं विचारावीत आणि योग्य ठिकाणी पाठवावं. दोन्ही कानांची श्रवणहानी ६० डेसिबल किंवा जास्त असेल, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळू शकतं आणि केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्रही. कामगार विमा असलेल्यांना व्यवसायजन्य श्रवणहानीसाठी दावा करता येतो. असे कागद कसे करायचे हे ज्याने आधी केलं आहे, त्यानेच दुसऱ्याला शिकवावं.

घरच्यांना एक विनंती. ‘आम्हाला तर काही ऐकू येत नाही, तू उगाच मनाला लावून घेतोस’ असं म्हणू नका. तुम्हाला ऐकू येत नाही, हे खरं. त्यांना येतं, हेही खरं. आई-वडील दोनदा विचारत असतील तर ओरडू नका, समोर येऊन सावकाश बोला. तपासणीला सोबत जा.

मागाच्या मालकांनी आजपासून करता येईल ते करावं. सैल नट-बोल्ट, झिजलेले पिकर वेळेवर बदलावेत, तेलपाणी नीट करावं, कामगारांना फोमचे कानबोळे द्यावेत आणि ते पिळून नीट आत कसे बसवायचे हे दाखवावं. नुसता कापूस कानात कोंबून हा आवाज अडत नाही. वर्षातून एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तिथे कानांना संरक्षण हवं, एवढी खूण प्रत्येक कामगाराला माहीत असावी.

डॉक्टरांनो, तुमची दहा मिनिटं मौल्यवान आहेत. त्यातली दोन ‘हे काय आहे आणि यातून माणसं सावरतात’ एवढं सांगायला द्या, आणि चिठ्ठीच्या मागे आधारगटाचा पत्ता लिहा. तो पत्ता तुमच्याकडे असावा यासाठीच हा खटाटोप आहे.

ज्यांचा कान वाजतो आणि ज्यांनी त्यातून वाट काढली आहे, त्यांच्याकडे माझी शेवटची मागणी आहे. गट सुरू करायला तुमच्याइतकं लायक कोणी नाही. दोघं मिळा. एखाद्या वाचनालयाला किंवा रुग्णालयाला जागा मागा. येत्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पहिली सभा ठेवा. पाचच माणसं आली तरी सभा घ्या, आणि पुढच्या महिन्याची तारीख तिथेच ठरवा.